कॅनडातला लांबलचक हिवाळा आणि घरातली थर्मोस्टॅटची ओढाताण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात नुकतीच आलेली मराठी कुटुंबं, चार-पाच हिवाळे काढूनही थर्मोस्टॅटवरून (घर किती तापवायचं ते ठरवणाऱ्या भिंतीवरच्या बटणावरून) रोज कुरबुर करणारी जोडपी आणि हिवाळ्यात मुलांकडे राहायला येणारे आईवडील या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं टोरांटो-मिसिसागाचा हिवाळा धरून दिली आहेत. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगला जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे.

१. आम्ही नाशिकचे. थंडी आम्हाला नवी नाही. मग इथल्या थंडीचं एवढं काय?

निफाडला पारा पाचाच्या खाली उतरतो हे खरंच, आणि ती थंडी झोंबतेही, कारण ती घरात शिरते. फरशी गार, अंथरूण गार, नळाचं पाणी गार. पण दहा वाजता ऊन वर आलं की ती ओसरते. इथे सगळं उलटं. घरात २१ अंश असतात आणि थंडी दाराबाहेर उभी असते. टोरांटोत जानेवारीची सरासरी उणे ३-४, तर विनिपेगला उणे १६ च्या आसपास. शिवाय हे नोव्हेंबरपासून मार्च संपेपर्यंत चालतं.

म्हणून प्रश्न दोन आहेत. एक दाराबाहेर पडण्याचा, तो कपड्यांनी सुटतो. दुसरा पाच महिने दारं-खिडक्या बंद ठेवून राहण्याचा : कोरडी हवा, कमी ऊन, आणि एकाच घरातल्या दोघांना लागणारी वेगवेगळी थंडी. पहिल्या वर्षी सगळे पैसे कोटावर जातात, पण माणसं थकतात ती या दुसऱ्या प्रश्नाने.

२. ‘विंडचिल’ आणि तापमान यांतलं नेमकं काय बघायचं?

वारा अंगाभोवतीची ऊब किती झपाट्याने पळवतो, ते विंडचिलचा आकडा सांगतो. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ती उणे २० सारखी लागते. उणे २० ला त्याच वाऱ्यात उणे ३३.

कपडे विंडचिल बघून घाला. गाडी, पाण्याचे पाइप आणि कुंड्या यांच्यासाठी मात्र मूळ तापमान बघा. हवा २ अंश आणि विंडचिल उणे ४ असेल, तर तुमचे कान गारठतील पण पाइपातलं पाणी गोठणार नाही.

लक्षात ठेवायच्या मर्यादा : विंडचिल उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० ते उणे ४७ मध्ये ५ ते १० मिनिटांत. बस पंधरा मिनिटांनी असेल तर हा हिशेब करूनच घराबाहेर पडा.

३. भारतातून येताना कोणते गरम कपडे आणावेत?

जाड जाकीट आणू नका. तिकडे मिळणारी बहुतेक जाकिटं शून्याच्या आसपास थांबतात आणि २३ किलोच्या बॅगेत तीन किलो जागा खातात. आणण्यासारखं म्हणजे आतून घालायचे थर्मलचे दोन-तीन जोड, हातविणीचे लोकरी स्वेटर, कानटोपी, शाल. गोधडी जरूर आणा. ती सुती असल्यामुळे बाहेरच्या थंडीत उपयोगाची नाही, पण १८ अंशांच्या बेडरूममध्ये दुलईवर टाकली की तिचं वजन अंगावर छान बसतं.

कोट आणि बूट इथेच घ्या. कोटाच्या पट्टीवर किती उणे तापमानापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. टोरांटोला उणे २० चा पुरे, विनिपेग-एडमंटनला उणे ३० च्या पुढचा लागतो. कोट मांड्या झाकणारा हवा. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. जाड मोजे घालून बूट घट्ट झाला तर आतली हवा दबते आणि पाय गार पडतात, मग बूट कितीही महागडा असो.

४. तीन थर म्हणजे नेमके कोणते? दोन स्वेटर आणि जीन्स चालत नाही का?

अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकणारा हवा, म्हणजे मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल. मधला थर हवा धरून ठेवणारा : फ्लीस, लोकरी स्वेटर किंवा पातळ पिसांचं जाकीट. बाहेरचा थर वारा आणि ओल अडवणारा.

सगळं बिघडतं ते सुती बनियन आणि जीन्समुळे. बसच्या मागे दोन मिनिटं पळालात की घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांब्यावर उभं राहताच तेच ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. दोन स्वेटर असूनही कुडकुडण्याचं हेच कारण. जीन्सखाली थर्मल घातलं की निम्मं काम होतं.

आत शिरताच कोट काढा. मॉलमध्ये कोट घालून घामाघूम व्हायचं आणि तसंच बाहेर पडायचं, ही सर्रास होणारी चूक आहे.

५. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साडी नेसून कसं जायचं?

संक्रांत नेमकी ऐन जानेवारीत, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी येतो. परकराच्या आत लोकरी किंवा फ्लीसची लेगिंग, ब्लाउजच्या आत लांब बाह्यांचं पातळ मेरिनो (गळा खोल कापलेला घेतला तर दिसत नाही), वर गुडघ्याखाली येणारा कोट. काळी चंद्रकळा असो की रेशमी, निऱ्या घोट्याच्या वर उचलून कोटाच्या आतून सेफ्टीपिनने अडकवा. यजमानांकडे पोचलात की सोडा. पायात बूट, पिशवीत चपला.

निऱ्या उचलण्याचं खरं कारण बर्फ नव्हे, रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि पाणी यांचा करडा चिखल काठाला लागला की वाळल्यावर पांढरी किनार उमटते. बुटांवरची ती किनार अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर यात भिजवलेल्या फडक्याने निघते. रेशमावर व्हिनेगर लावू नका, ती साडी थेट ड्रायक्लीनला द्या.

उणे २५ च्या खाली मोठी धातूची कानातली आणि नथ पर्समध्ये ठेवून तिथे घालावीत. धातू लवकर गार होतो आणि कानाच्या पाळीची ऊब ओढतो. मंगळसूत्र थर्मलच्या आत असलं की काही होत नाही.

६. मुलांना शाळेसाठी तयार करताना रोज गोंधळ होतो. काही क्रम आहे का?

आहे, आणि तो मोडला की सगळं उतरवावं लागतं. आधी शू करून या, मग स्नोपँट, बूट, मानेभोवतीचा गळपट्टा, कोट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. स्नोपँटचा आतला घेर बुटावर खाली ओढा, नाहीतर बर्फ बुटात जातो.

पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन्स गरम, कारण त्यात चार बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड द्या, मधल्या सुट्टीत एक भिजतोच. लांब मफलर खेळाच्या साधनांत अडकतो, म्हणून मुलांना गळ्यातून घालायचा गोल पट्टा बरा. प्रत्येक वस्तूवर नाव लिहा. वर्गातल्या तीस काळ्या टोप्यांतून आपली ओळखता येत नाही.

मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर पाठवतात म्हणून आजी-आजोबा घाबरतात. अनेक शाळा विंडचिल उणे २७-२८ च्या खाली गेलं की मुलांना आतच ठेवतात, त्याआधी नाही. नीट कपडे असतील तर ते बाहेर खेळणं मुलांच्या फायद्याचंच आहे.

७. तान्ह्या बाळाला जाड कोट घालूनच कारसीटमध्ये ठेवायचं ना?

नाही. कोटाचा फुगीर भाग धडकेच्या क्षणी दबतो, पट्टा सैल पडतो आणि बाळ त्यातून निसटू शकतं. बाळाला पातळ कपड्यांत बसवा, पट्टा घट्ट करा आणि पांघरूण पट्ट्याच्या वरून टाका. खात्री करायची असेल तर कोटासह पट्टा बसवा, तो न हलवता बाळाला उचला, कोट काढा आणि पुन्हा बसवून बघा. पट्ट्यात किती फट राहते ते डोळ्यांना दिसेल. गाडी आधी पाच मिनिटं तापवून ठेवा, पण गॅरेजच्या बाहेर (प्रश्न १८).

८. नवऱ्याला १९ अंशांतही उकडतं, मला २३ ला थंडी वाजते. थर्मोस्टॅटवरून रोज भांडण. खरं कोणाचं?

दोघांचंही. थंडी किती वाजते हे स्नायूंचं प्रमाण, वय, वजन, हालचाल आणि हातापायांतलं रक्ताभिसरण यांवर ठरतं. इमारतींसाठी १९६० च्या दशकात बसवलेला सुखद तापमानाचा हिशेब सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेला होता, आणि स्त्रियांचं शरीर त्याहून कमी उष्णता निर्माण करतं, असं २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे ‘तुझं काहीतरीच असतं’ हे वाक्य घरातून काढून टाकायला हवं.

आमचा सल्ला असा : आधी माणसाला ऊब द्या, मग घराला.

दहा डॉलरचे दोन थर्मामीटर आणा, एक सोफ्यावर आणि एक बिछान्याजवळ ठेवा. थर्मोस्टॅट बहुधा आतल्या भिंतीवर असतो. तो २१ दाखवत असताना खिडकीजवळच्या सोफ्यावर १८ असू शकतात, आणि ज्याला थंडी वाजते तो नेमका तिथेच बसत असतो. शिवाय बाहेर उणे २० असताना काचेची आतली बाजू दहा-बारा अंशांवर येऊ शकते. आपलं अंग त्या गार काचेकडे सतत ऊब फेकत राहतं, मग खोलीतली हवा कितीही गरम असो. सोफा तीन-चार फूट आत ओढा आणि रात्री जाड पडदे ओढून घ्या. पुष्कळ घरांत भांडण इथेच निम्म्यावर येतं.

मग फटी शोधा. वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीच्या कडेने आणि दाराच्या उंबऱ्याजवळ हळूहळू फिरवा (पडदे आधी बाजूला घ्या). धूर जिथे आडवा पळतो तिथे फट. तिथे फोमची चिकटपट्टी लावा.

झोपताना एक दुलई दोघांत नको, दोन वेगळ्या घ्या. थंडी वाजणाऱ्याच्या बाजूला चादरीखालचं विजेचं गादीपॅड घालता येतं. ते अख्खं घर दोन अंशांनी तापवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि लहान मुलांसाठी ते वापरू नये.

यानंतर दिवसा २०-२१ आणि रात्री १७-१८ असं ठरवून एक आठवडा कोणीही बटणाला हात लावायचा नाही. घरात वृद्ध किंवा तान्हं बाळ असेल तर रात्रीही १८ च्या खाली जाऊ नका, त्यांच्या खोलीत थोडं जास्तच ठेवा.

एक अपवाद गंभीरपणे घ्या. पूर्वी थंडी सोसत होती आणि अलीकडेच सगळ्यांपेक्षा जास्त वाजायला लागली, सोबत थकवा आहे किंवा केस गळतात, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत तर हे पहिल्यांदा बघावं.

९. घर लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट २६ वर ठेवला तर?

साधी फर्नेस (घरभर गरम हवा सोडणारी भट्टी) एकाच जोराने चालते. २१ वर ठेवली काय आणि २६ वर ठेवली काय, २१ ला पोचायला वेळ तेवढाच लागतो. फरक इतकाच की ती तिथे थांबत नाही आणि तासाभराने घरात खिडक्या उघडाव्या लागतात. उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी आपोआप वाढेल अशी वेळ लावून ठेवा.

१०. वरच्या मजल्यावर उकडतं, खाली गार. नको त्या खोल्यांच्या गरम हवेच्या जाळ्या बंद करू का?

एखाद-दुसरी अर्धवट बंद केली तर चालतं. जास्त बंद केल्या की हवा तुंबते, फर्नेस आतून जास्त तापते आणि सुरक्षेसाठी मध्येच बंद पडते. आधी फिल्टर बघा. तो दर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो, आणि कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. उलटा बसवलेला किंवा धुळीने बुजलेला फिल्टर हेच गार खोल्यांचं सर्वांत मोठं कारण असतं. मग फर्नेसचा पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर ठेवून दोन दिवस बघा, वरची गरम हवा खाली मिसळते.

११. आमच्याकडे हीट पंप आहे / आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. वरचंच लागू पडतं का?

हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत ओढणारं यंत्र) असेल तर रात्री तीन-चार अंश उतरवू नका. सकाळी ते भरून काढायला विजेचा जादा हीटर सुरू होतो आणि बचत वाया जाते. एक-दीड अंशाचा फरक पुरे.

बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे हीटर) असतील तर प्रत्येक खोलीचं बटण वेगळं असतं. प्रश्न ८ मधल्या जोडप्याला हे वरदानच. पडदा किंवा सोफा हीटरला टेकू देऊ नका.

इमारतीचं एकच हीटिंग असेल तर आधी थर्मामीटरचे तीन दिवसांचे आकडे वेळेसह लिहून ठेवा. टोरांटोत थंडीच्या महिन्यांत घरमालकाने किमान २१ अंश द्यावेत असा नियम आहे. घरमालकाला लेखी कळवा, तरी दाद मिळाली नाही तर शहर प्रशासनाच्या ३११ या नंबरवर फोन करा.

१२. नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. कशाने?

तिन्हीचं कारण कोरडी हवा. उणे १० च्या हवेत एका घनमीटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिची मावण्याची क्षमता अठरा ग्रॅमच्या आसपास जाते, पण वाफ तेवढीच राहते. म्हणजे आर्द्रता १२-१३ टक्के. मे महिन्यातलं नागपूरही कधीकधी याहून ओलं असतं.

ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) लावा आणि आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांत ठेवा. छोट्या ह्युमिडिफायरमध्ये रोज ताजं पाणी भरा आणि आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुवा, नाहीतर बुरशी हवेत उडते. नाकाच्या आतल्या कडेला झोपताना मिठाच्या पाण्याचं जेल लावा. मऊ पांघरुणांतला चट्‌चट् आवाजही आर्द्रता वाढली की थांबतो.

१३. ह्युमिडिफायर लावल्यापासून खिडक्यांतून पाणी ओघळतं. बंद करू?

बंद नको, कमी करा. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी आत ओल कमी ठेवावी लागते. बाहेर उणे ७ ते उणे १२ असेल तर ३५ टक्क्यांपर्यंत, उणे १८ पर्यंत ३०, उणे २४ पर्यंत २५ आणि त्याखाली २०. चौकटीत पाणी साचत राहिलं तर काळी बुरशी धरते. मराठी स्वयंपाकात वाफ भरपूर निघते, म्हणून कुकरच्या वेळी आणि भात शिजताना चुलीवरचा पंखा लावा, तोही हवा घराबाहेर टाकणारा असेल तरच उपयोग.

१४. अंगाला खाज सुटते. गरम पाण्याने बरं वाटतं, पण नंतर वाढते.

कढत पाणी कातडीचं तेल धुऊन नेतं. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत आंघोळ आटपा, अंग टिपा आणि तीन मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच जाड क्रीम किंवा व्हॅसलिन लावा. खोबरेल तेल चालतं. बरणीत ते गोठलेलं दिसेल, कारण २४ अंशांखाली ते घट्ट होतंच. खराब झालेलं नसतं.

दिवाळीचं अभ्यंग जरूर करा, पण टबमध्ये रबरी चटई अंथरून. तेलाने टब इतका निसरडा होतो की दरवर्षी कोणी ना कोणी पडतं. आधी तेल कागदाने टिपून मग पाणी घ्या, म्हणजे मोरीही तुंबत नाही.

१५. जीवनसत्त्व ‘ड’ घ्यायलाच हवं का? आम्ही तर रोज दुपारी उन्हात चालतो.

टोरांटो ४३ अंश उत्तरेला आहे, पुणे १८ वर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथलं ऊन इतकं तिरकं येतं की कातडीत ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही. एडमंटनला हा काळ ऑक्टोबर ते मार्च. सावळ्या कातडीला तसंही जास्त ऊन लागतं. रोजची गरज ७० वर्षांपर्यंत ६०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), त्यापुढे ८०० आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला ४०० आययूचे थेंब. डॉक्टरांशिवाय मोठ्यांनी ४,००० च्या वर जाऊ नका. भारतातून आणलेली ६०,००० ची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते, ती रोज घेऊन त्रास झालेले लोक आहेत.

शाकाहारींसाठी : डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. लायकेनपासून (दगडफुलासारख्या वनस्पतीपासून) केलेलं डी-३ मिळतं, लेबल वाचून घ्या. इथल्या गाईच्या दुधात ‘ड’ मिसळलेलंच असतं.

१६. चार वाजता अंधार. काहीच करावंसं वाटत नाही. हा आळस की आजार?

टोरांटोत २१ डिसेंबरला दिवस नऊ तासांहूनही थोडा लहान, एडमंटनला साडेसात. मुंबईत त्याच दिवशी जवळपास अकरा. दरवर्षी याच दिवसांत झोप वाढणं, गोड खावंसं वाटणं, माणसं नकोशी होणं आणि वसंतात ते आपोआप जाणं, याला ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं.

१०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिवा सकाळी उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं समोर ठेवा. अंतर उत्पादकाने लिहिलेलं तेवढंच, बहुधा हातभर. लांब ठेवला की उजेड झपाट्याने घटतो आणि ‘दिवा लावून बघितला, फरक नाही’ असं होतं. रोखून बघायचं नाही, समोर ठेवून चहा प्या, वर्तमानपत्र वाचा. संध्याकाळी लावला तर झोप उडते. बायपोलर आजार किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जगणं नको वाटत असेल तर थांबू नका, कॅनडात कुठूनही ९८८ वर फोन किंवा मेसेज करा, रात्री-अपरात्रीसुद्धा.

१७. दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही. विरजण खराब आहे का?

बहुधा विरजण ठीक असतं, स्वयंपाकघर गार असतं. एक लिटर दूध उकळून ४२-४३ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर करंगळी दहा सेकंद बुडवा, गरम लागावी पण भाजू नये. दोन चमचे ताजं विरजण थोड्या दुधात फेटून मिसळा. ओव्हन एक मिनिट सुरू करून बंद करा, आतला दिवा लावा, भांडं ठेवा आणि सहा-सात तास हलवू नका.

चुका इथे होतात : नव्या ओव्हनमधला एलईडी दिवा ऊब देत नाही, तेव्हा शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा आणि तीन तासांनी बदला. दूध कढत असेल तर विरजणच मरतं. दह्याला तार सुटत असेल तर ते फार गार जागी हळूहळू लागलं आहे, त्यातलं विरजण पुढे वापरू नका. इडलीच्या पिठाला हिवाळ्यात बारा ते सोळा तास द्या, भांडं अर्धंच भरा. आणि ओव्हनच्या बटणावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा, कारण घरातलं दुसरं कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवतंच.

१८. कार्बन मोनॉक्साइडची भीती खरी किती?

पुरेपूर खरी, कारण त्याला वासही नाही आणि धूरही नाही. डोकं दुखणं, मळमळ, घरातल्या सगळ्यांना एकदम सुस्ती ही लक्षणं ‘फ्लू’ समजली जातात. झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म असलाच पाहिजे. फर्नेसचे दोन पांढरे पाइप घराच्या बाहेरच्या भिंतीतून निघतात, मोठ्या बर्फानंतर तिथला बर्फ हाताने बाजूला करा. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू वीज गेली तरी घरात पेटवू नका. अलार्म वाजला तर सगळे बाहेर, मग ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन.

१९. तुळस आणि कढीपत्ता दर हिवाळ्यात मरतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा उशिरा आत आणणं आणि मग जास्त पाणी. रात्री १० अंशांखाली जायच्या आधी, म्हणजे टोरांटोत सप्टेंबरच्या मध्याला कुंडी आत घ्या. पानांची मागची बाजू धुऊन घ्या. फर्नेसच्या कोरड्या हवेत लाल कोळी फार वाढतो, पानांखाली बारीक जाळं दिसलं की तोच.

दक्षिणेची खिडकी, काचेला पान टेकणार नाही इतकं अंतर, गरम हवेच्या जाळीपासून दूर. वर सहा ते बारा इंचांवर झाडांचा दिवा बारा-चौदा तास. वरची बोटभर माती सुकली तरच पाणी. मंजिऱ्या आल्या की खुडा, पण तुळशीच्या लग्नाला ठेवलेल्या मंजिऱ्यांचं बी वाळवून घ्या, एप्रिलमध्ये आत पेरता येतं.

कढीपत्त्याने सगळी पानं टाकली तर फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर तो झोपलेला आहे. पाणी तीन आठवड्यांतून एकदा, खत मार्चपर्यंत नाही.

२०. बर्फ उपसणं आणि घसरणं : आईवडील आलेत, काय जपायचं?

साठी ओलांडलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या हाती फावडं देऊ नका. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, त्यात वजन उचलणं, श्वास रोखणं, यातून झटके येतात. तरुणांनीही बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा, पडत असताना दर दहा सेंटीमीटरला एकदा काढावा.

साधं मीठ साधारण उणे १० पर्यंतच काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू. आईबाबांच्या बुटांना चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, पण दुकानाच्या फरशीवर ते काढायला लावा, तिथे तेच घसरतात. पावलं छोटी, पाय किंचित फाकलेले, हात खिशाबाहेर.

२१. बोटं पांढरी आणि बधिर पडली तर शेकोटीवर शेकायची का?

नाही, आणि चोळायचीही नाहीत. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं बुडवा. पुन्हा थंडीत जायचं असेल तर वितळवू नका, परत गोठलं तर इजा जास्त होते. आपल्या कातडीवर पांढरेपणा चटकन दिसत नाही, म्हणून बधिरपणा, मेणासारखा कडकपणा आणि करडी झाक यांवर लक्ष ठेवा. फोड आले किंवा अर्ध्या तासात संवेदना परतली नाही तर दवाखाना.

२२. डिसेंबरात महिनाभर भारतात जायचंय. हीटिंग बंद करून जाऊ?

अजिबात नाही. थर्मोस्टॅट १५ वर ठेवा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाणी जाऊ द्या, फ्लश एकदा ओढा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. अनेक विमा पॉलिसींमध्ये चार दिवसांहून जास्त घर रिकामं असेल आणि पाणी बंद नसेल किंवा कोणी येऊन बघत नसेल, तर फुटलेल्या पाइपाची भरपाई मिळत नाही. आपली पॉलिसी वाचा.

तिकडे गेल्यावर मुलं कुडकुडतात याचं नवल वाटून घेऊ नका. पुण्यात पहाटे घरातही गारठा असतो, आणि त्यांना २१ ची सवय आहे (प्रश्न १). त्यांचे फ्लीसचे पायजमे सोबत न्या.

२३. एकाला हिवाळा आवडतो, दुसऱ्याला सोसत नाही. व्हँकुव्हरला जावं का?

आधी नेमकं काय सोसत नाही ते वेगळं काढा. थंडी, अंधार की घरात कोंडून राहणं? व्हँकुव्हरला जानेवारीत पारा बहुधा शून्याच्या वर राहतो, पण आठवडेच्या आठवडे ढग आणि पाऊस. कॅल्गरीत थंडी कडक, पण वर्षाला सुमारे २,४०० तास ऊन, व्हँकुव्हरला १,९०० च्या आसपास. शिवाय कॅल्गरीत चिनूक (पर्वतावरून उतरणारा गरम, कोरडा वारा) सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो (काहींना त्यात डोकेदुखी होते). उजेडाविना कोमेजणारा माणूस व्हँकुव्हरला जाऊन जास्त खचू शकतो. निर्णयाआधी नोव्हेंबर किंवा जानेवारीत तिथे दोन आठवडे राहा, जुलैमध्ये नव्हे.

इथेच राहायचं ठरलं तर सुट्टीची विभागणी करा. हिवाळा न सोसणाऱ्याने भारतवारी फेब्रुवारीत ठेवावी, कारण डिसेंबरचा उत्साह ओसरल्यावर खरी दमछाक तेव्हा होते. आवडणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस स्केटिंगला किंवा टेकडीवर एकट्याने किंवा मुलांना घेऊन जावं, दुसऱ्याला ओढू नये. आणि रोज दुपारी बारा ते दोनमध्ये वीस मिनिटं दोघांनी मिळून चालावं, नवा बर्फ पडलेला असेल तर नक्कीच. त्यावरून परावर्तित होणारा उजेड घरातल्या नेहमीच्या दिव्यांहून प्रखर असतो.